भूपालआण्णांची ऑस्टिन आणि माळतळ्याचा फाटा

"सांगून तुमचा विश्वास बसायचा नाही," भूपालआण्णा मगदुमांनी दुधाचा पेला खाली घेतला, मिशीवरचा फेस तसाच राहू दिला, "आणि बसलाच तर मला गोष्ट बदलावी लागंल. पण आज घडीला कोल्हापूर जिल्ह्यातली एकूण एक गाडी माझी नक्कल करतीया."

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर कुणी मानसुद्धा वळवली नाही. म्हशी रवंथ करत होत्या, गवळी कासेखाली पेला धरून धार सोडत होता, गिऱ्हाइकं फेसाळ दूध उभ्याउभ्या रिचवत होती. जग कितीही पुढं गेलं तरी दूध समोर काढून समोर प्यायचं, हा कोल्हापूरचा हट्ट सुटलेला नव्हता. आणि भूपालआण्णांच्या गोष्टी ऐकायच्या पण मानायच्या नाहीत, हाही तितकाच जुना रिवाज होता. याच माणसानं मागं सांगितलं होतं, की पन्हाळ्याच्या चढावर एक बिबट्या ऑस्टिनच्या मागच्या सीटवर येऊन बसला, गडाच्या तीन दरवाजापाशी उतरला आणि उतरताना दार हळू लावलं.

"आण्णा, त्यापेक्षा बिबट्या बरा," दिलावर मिस्त्री म्हणाला. ऑस्टिनचं बॉनेट आण्णांच्या परवानगीशिवाय उघडायचा अधिकार गावात फक्त त्याला होता, त्यामुळं टोमणे मारायचाही होता. "तो निदान एकटा होता. आता जिल्हाभर गाड्या?"

"तू जरा मागं बघ की."

दिलावरनं मागं बघितलं. कट्ट्याच्या कडेला आण्णांची ऑस्टिन सेव्हन उभी होती. वयानं शंभरी कधीच ओलांडलेली, अंगानं एवढीशी, डोळे वटारल्यासारखे दोन दिवे. आणि तिच्या पाठीमागं, म्हशींच्या शेपट्यांना लागून, पाचसहा आपोआप ओळीनं उभ्या होत्या. सगळ्या रिकाम्या.

आपोआप म्हणजे चालक नसलेली विजेवरची गाडी. सरकारी कागदावर तिला लांबलचक नाव होतं, पण लोकांनी पहिल्याच वर्षी तिला आपोआप म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. बोलावली की यायची, सांगितलं तिथं सोडायची. रस्त्यावर आता दुसरं काही उरलंच नव्हतं म्हणा ना. दुचाक्या होत्या, शेतात ट्रॅक्टर होते. पण स्वतःच्या हातानं मोटार चालवायची परवानगी फक्त जुन्या, जतन केलेल्या मोटारींच्या मालकांना होती, आणि तीही त्यांच्या हौसेवर मेहेरबानी म्हणून.

"चार्जिंगला आल्या असतील," दिलावर म्हणाला.

"म्हशीला वायर जोडून?"

यावर मात्र लोक हसले. आण्णांनी पेला ठेवला, ऑस्टिनपाशी गेले, पुढं वाकून हँडल मारलं. गाडी दोनदा खोकून सुरू झाली. आण्णा आत बसले, नेहमीप्रमाणं मान डावीकडं कलती करून आरशात बघितलं आणि निघणार तोच एक तरुण बाई थेट बॉनेटसमोर येऊन उभी राहिली. खांद्याला पिशवी, पायात धुळीनं भरलेले बूट.

"भूपाल मगदूम आपणच ना? मी केतकी परांजपे. पुण्याहून आले, स्वयंवाहन मंडळातून. तुम्हीच आमच्या गाड्या बिघडवल्यात."

आण्णांचा चेहरा उजळला. ते खिडकीतून ओरडले, "दिलावर! ऐकलंस का रं?"

पण दिलावर तोवर निघून गेला होता, गिऱ्हाइकंही पांगली होती. आयुष्यात पहिल्यांदा आण्णांच्या गोष्टीला पुण्याहून साक्षीदार आला, आणि ऐकायला कट्ट्यावर फक्त म्हशी!

केतकीनं ऑस्टिनमध्ये बसूनच सगळं समजावून सांगितलं. तिचं म्हणणं सोपं होतं. या गाड्यांना कुणी नियमांचं पुस्तक पाठ करायला लावलेलं नाही. लाखो माणसांचं गाडी चालवणं बघून बघून त्या शिकल्या. दिवसभर प्रत्येक गाडी आपल्या कॅमेऱ्यांनी रस्ता बघते, आणि चार्जिंगला लागली की जे बघितलं ते सगळ्यांच्या सामाईक शिकवणुकीत ओतते. एकीनं बघितलं की सगळ्यांना येतं.

"मग यात माझा काय संबंध?"

"माणसं संपली ना. रस्त्यावर गाड्याच उरल्या, आणि गाड्या गाड्यांकडूनच शिकायला लागल्या. झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं कशी पुसट होत जातात, तसं झालं. अरुंद पुलावर दोन गाड्या समोरासमोर आल्या तर दोघीही 'आधी तुम्ही' म्हणून थांबायच्या. बॅटऱ्या संपेपर्यंत."

"लखनौच्या नवाबावानी."

"म्हणून आम्ही ठरवलं, की खऱ्या माणसाचा हात दिसला तर त्याला जास्त वजन द्यायचं. माणसाचा हात ओळखू येतो. तो स्टिअरिंग कधी अगदी स्थिर धरत नाही, सतत थोडं इकडं, थोडं तिकडं करत राहतो. यंत्राला तसं जमत नाही. हिशेब चांगला होता. फक्त एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही." केतकीनं सुस्कारा सोडला. "जुन्या मोटारीवाले लोक गाड्या पुसतात फार आणि चालवतात कमी. प्रदर्शनाला बाहेर काढतात, फोटो काढतात, परत झाकून ठेवतात. या भागात रोज उठून गाडी रस्त्यावर काढणारा माणूस एकच निघाला."

आण्णांनी मिशीवर हात फिरवला.

"केर्लीच्या चढाला आमच्या गाड्या एक क्षण दम सोडल्यासारख्या थांबतात, मग पुढं जातात. आम्ही मोटर तपासली, बॅटरी तपासली, रस्ता तपासला. कारण सापडेना."

"तिथं मी सेकंड टाकतो," आण्णा हळूच म्हणाले. "हिचा गिअरबॉक्स जुना. क्लच दोनदा दाबावा लागतो, मधी थोडा दम द्यावा लागतो. नाहीतर दात करकरतात."

"आमच्या गाड्यांना गिअरच नाहीत, आण्णा."

ऑस्टिन जागेवर थरथरत होती. आण्णांच्या मनात आलं, वडिलांनी हा क्लच शिकवला होता, पायावर पाय ठेवून. आता गिअर नसलेल्या हजारो गाड्या तो दाबत होत्या.

"दूधकट्ट्याचं तर आम्ही हसून सोडून दिलं असतं," केतकी पुढं म्हणाली, "पण मी आलेय ती माळतळ्यासाठी."

आण्णांचा हात मिशीवर थांबला.

"केर्लीच्या पुढं फाटा आहे. सरळ गेलं तर माळतळे गाव, मग पन्हाळ्याचा रस्ता. तिथं गावात एकही आपोआप जात नाही. फाट्यावर येते, बिचकते आणि कारखान्याच्या लांबच्या रस्त्याला वळते. आम्ही सक्ती करून बघितली. जाते, पण पिवळे दिवे लुकलुकवत वाटेतच उभी राहते. समोर दरड कोसळलेली असावी तशी. मग तुमच्या रविवारच्या पन्हाळ्याच्या फेऱ्या बघितल्या. तुम्हीही फाट्यावर वेग कमी करता, त्या रस्त्याकडं बघता आणि झटकन वळता. का?"

"लांबचा रस्ता चांगला हाय. झाडं हायत."

"झाडं या रस्त्यालाही आहेत. तिथं काही धोका आहे का?"

"छे."

"मग प्लीज, तिथून रोज जात जा. सबंध शिकवणूक नव्यानं करायची तर दिवाळी उजाडेल, आणि तिथल्या एका पेशंटला तेवढा वेळ नाही. आठवड्यातून तीनदा कोल्हापूरला डायलिसिसला यावं लागतं त्यांना. शेजारी ट्रॅक्टरवर घालून फाट्यापर्यंत आणतात. परवा त्या वाटेतच चक्कर येऊन पडल्या. पद्मावती चौगुले नाव आहे. ओळखता?"

"न्हाई," आण्णा म्हणाले.

केतकीला रेल्वे स्टेशनवर सोडून ते घरी आले आणि ऑस्टिनभोवती फिरू लागले. दिवा पुसला, तोच परत पुसला. हँडल काढून जागेवर ठेवलं, पुन्हा हातात घेतलं. घरात जाऊन पाणी घेतलं आणि न पिताच ठेवून दिलं. डायलिसिस. आक्काला डायलिसिस, आणि ते कळतंय कुणाकडनं, तर पुण्याच्या परांजपेबाईकडनं!

पद्मावती चौगुले म्हणजे आण्णांची थोरली बहीण. पद्माक्का. ऑस्टिन वडिलांची, आणि वडिलांनी ती चालवायला आधी शिकवली ती आक्काला. भूपा तेव्हा मागच्या सीटवर बसून तोंडानं भोंगा वाजवायचा. पुढं आक्का माळतळ्याला सासरी गेली आणि गाडी भूपाकडं राहिली, त्यावरनं कधी काही बिनसलं नाही. बिनसलं ते आक्काच्या लेकीच्या लग्नात. पाठवणीला नवरीला ऑस्टिनमधनं न्यायचं ठरलं होतं. गाडी मांडवापासून जेमतेम हाकेच्या अंतरावर बंद पडली. हार घातलेली, फुगे लावलेली, आत रडणारी नवरी, आणि भोवती अख्खं वऱ्हाड. आण्णांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि सगळ्यांदेखत गोष्ट रचली: सकाळी आक्कानं हौसेनं गाडी चालू करून बघितली, चोक तसाच ओढून ठेवला, आता प्लग भिजले, कोण काय करणार!

वऱ्हाड हसलं. नवऱ्याकडचं कुणीतरी म्हणालं, विहीणबाईंच्या हाती पोळपाट-लाटणंच द्या. नवरी शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं सासरी गेली. आणि आक्कानं, जी त्या सकाळी गाडीपाशी फिरकलीसुद्धा नव्हती, टाकीत काठी घालून बघितली. काठी कोरडी निघाली. गाडीत पेट्रोलच नव्हतं. तिनं ती काठी भावाच्या हातात दिली आणि सांगितलं, "ही गाडी माझ्या दाराशी नको. तूही नको."

तेव्हापासून आण्णा लांबच्या रस्त्यानं पन्हाळ्याला जात होते. झाडं होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. केतकीनं ठरवल्याप्रमाणं एक रिकामी आपोआप पाठीमागं लावून दिली होती, बघायला. आरशात तिचे दोन दिवे दिसत होते आणि आण्णांना आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवता येईना. हात कुठं धरायचा? मान कलती करायची का नाही? नाक खाजवलं तर हजार गाड्या नाक शोधतील. केर्लीच्या चढावर दात करकरले. फाटा आला, छातीत धडधडायला लागलं, आणि धडधड लपवायची आण्णांना एकच युक्ती ठाऊक होती, ती म्हणजे मोठा आवाज करायचा. त्यांनी पाय दाबला, भोंगा धरला तो सोडलाच नाही. कोंबड्या उडवत, माळतळ्याच्या एकुलत्या एक रस्त्यानं आक्काच्या दारावरनं वादळासारखे गेले. ऑस्टिनचं वादळ म्हणजे धावत्या माणसानं ओलांडावं एवढंच, पण मनानं वादळच. दारात पांढऱ्या पातळातलं कुणीतरी उभं होतं. बघितलं नाही.

तिसऱ्या दिवशी केतकीचा फोन आला.

"आण्णा, काय केलंत तुम्ही?"

"गेलो की."

"आज सकाळपासून माळतळ्यात गाड्या जातायत. सगळ्या जातायत! भोंगा वाजवत, सुसाट, थेट चौगुल्यांच्या दारावरून. एक थांबत नाही. बाई डायलिसिसला निघाल्या होत्या, हात केला तर भोंगा वाजवून पसार! आता त्या झाडू घेऊन रस्त्यात उभ्या आहेत. गावानं तक्रार केलीय, कोंबड्यांची वेगळी."

"आन् आक्का... त्या बाई गेल्या का दवाखान्यात?"

"ट्रॅक्टरनं. तुम्ही रागात चालवलंत का?"

"गाडीला राग कळतो?"

"राग कळत नाही. पाय कळतो."

आण्णांनी फोन ठेवला आणि उभेच राहिले. मग बसले. मग उठून दिलावरकडं गेले, त्याला काहीच न सांगता परत आले. रागात कुठं चालवलं होतं? भीतीनं चालवलं होतं. पण ते काय परांजपेबाईंना सांगायचं?

दुसऱ्या खेपेला ते सावकाश गेले. भोंग्याला हात लावला नाही. आक्काच्या दारात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि आतच बसून राहिले, नजर समोरच्या काचेवर, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट. पाठीमागं आपोआप उभी. आक्का बाहेर आली. पायरीवर बसली. फार वाळली होती. डाव्या हातावर पट्टी होती. शेजारची बाई भिंतीवरनं डोकावून गेली. बऱ्याच वेळानं आण्णांनी खाली उतरून हँडल मारलं, कुणाकडंही न बघता आत बसले आणि निघाले.

डायलिसिसच्या पुढच्या खेपेच्या दिवशी आपोआप वेळेवर आली. अगदी दारात थांबली. आक्का पिशवी घेऊन पुढं गेली, तर दार उघडेना. काचेवर टकटक केली, हात दाखवला, नाव सांगितलं. गाडी समोर बघत गप्प उभी. बऱ्याच वेळानं ती स्वतःशीच हलली आणि रिकामी निघून गेली. दुसरी आली, तिचंही तेच. आक्काला त्या दिवशीही ट्रॅक्टर. त्या आठवड्यात तिच्या अंगावर सूज चढली आणि दवाखान्यातल्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, की आता एकही खेप हुकवायची नाही, उशीरसुद्धा चालायचा नाही.

हे सांगताना केतकीचा आवाज थकलेला होता. "आण्णा, तुम्ही दारच उघडलं नव्हतं ना?"

आण्णांनी फोन कानाशी धरूनच ऑस्टिनचं हँडल हातात घेतलं.

त्या सकाळी माळतळ्यात जाईपर्यंत त्यांना मागचे दिवे दिसले नाहीत, म्हणजे होते, पण दिसले नाहीत. दारात गाडी थांबली. आण्णा उतरले, वळसा घालून पलीकडं गेले आणि पुढचं दार उघडून धरलं. आक्का पायरीवरच होती.

"काय पायजे?" ती म्हणाली.

"दवाखान्यात जायचं न्हाई व्हय तुला?"

"तुझ्या गाडीनं?"

"दुसरी कुठली येती तुझ्याकडं?"

आक्का उठली. पिशवी सीटवर ठेवली. मग पुढं गेली, बॉनेटची कडी काढली, आतल्या टाकीचं टोपण फिरवलं आणि खाचेतली काठी काढून आत बुडवली. बाहेर काढून उन्हात धरली. काठी अर्ध्याच्या वर ओली होती. तिनं ती पदराला पुसली, जागेवर ठेवली, बॉनेट लावलं आणि गाडीत बसली. आण्णांची कानशिलं मात्र कोल्हापूरपर्यंत तापलेली होती.

केर्लीच्या अलीकडच्या छोट्या चढावर ती बोलली. "सेकंड टाक."

"टाकतोय की."

"कवा? उतार लागल्यावर? अजून तसाच हायस, क्लच दाबताना मान उडवतोस कोंबड्यावानी."

"आक्का, या मानंची नक्कल सबंध जिल्हा करतोय, म्हाईत हाय? हज्जारो गाड्या माझ्यासारख्या—"

"गप बस. पुढं बघ."

तिनं विश्वास ठेवला नाही. आण्णांनी आयुष्यात एवढी खरी गोष्ट कुणाला सांगितली नव्हती, आणि तिच्यावर बहिणीनं विश्वास ठेवला नाही. त्यांना हसू यावं का रडू, ते कळेना.

मग ते रोजचंच झालं. खेपेच्या दिवशी तर झालंच, पण मधल्या दिवशीही, कारण केतकी म्हणाली होती, सवय लागली पाहिजे, एकदोनदा करून भागायचं नाही. आण्णा जायचे, दार उघडायचे, उतरायचे, ओट्यावर टेकायचे. आक्का चहा द्यायची. आधी बाहेर, मग आत सोप्यात. एकदा तिनं शेंगदाण्याची पोळी पुढं ठेवली आणि म्हणाली, "खा, उरलीया." पोळी तव्यावरनं आत्ताच उतरलेली होती, हाताला चटका बसला. आण्णा निमूट खाऊ लागले. बिबट्याची गोष्ट त्यांनी सांगितली, तिनं ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "दार लावलं म्हणतोस, आन् खिडकी?" लेक बेंगळुरूला बरी आहे म्हणाली. लग्नाचा विषय तिनं काढला नाही, यांनी काढला नाही. काठी मात्र ती प्रत्येक वेळी टाकीत बुडवायची. आण्णा तेवढा वेळ आभाळाकडं बघायचे.

त्यांचं चालवणंही बदललं होतं, हे त्यांना स्वतःला कळलं नाही. फाट्यावर पाय आता ब्रेकवर जात नव्हता. मान वळायची, पण माळतळ्याच्या दिशेनं, आणि तिकडंच राहायची. पाठीमागची आपोआप हे सगळं बघत होती आणि चार्जिंगला लागली की बाकीच्यांना सांगत होती.

केतकीचा फोन आला तेव्हा आण्णा दूधकट्ट्यावर होते.

"झालं, आण्णा! सुटला प्रश्न. कालपासून गाड्या फाट्यावर अजिबात बिचकत नाहीत. दारात थांबतात, दार उघडतात, बाई बसायची वाट बघत उभ्या राहतात. एवढ्या अदबीनं दार उघडताना मी कुठल्या गाडीला बघितलं नव्हतं. आता तुम्ही गेला नाहीत तरी चालेल. पाठीमागची गाडी मी परत बोलावून घेतलीय. तुमचे आभार कसे मानू?"

"बरं," आण्णा म्हणाले. "बरं बरं."

"काय झालं आण्णा?" दिलावरनं विचारलं. "बिबट्या गेला का काय?"

"परांजपेबाई म्हणत्यात, काम झालं. आता जायची गरज न्हाई."

"मग सुटलास की. पेट्रोल तर आता औषधावानी मिळतंय."

आण्णांनी दूध घेतलं आणि अर्धं सोडलं. म्हशीच्या पाठीवर थाप मारली. घरी आले, ऑस्टिनवर कापड घातलं. थोड्या वेळानं कापड काढलं. टायरची हवा बघितली, हवा ठीक होती, तरी पंप मारला. खुर्चीत बसले तर पाय आपोआप क्लच दाबल्यासारखा हलायला लागला. पेपर उघडला, त्यात काय लिहिलंय ते कळेना. नुसतंच एक घर डोळ्यांपुढं येत होतं आणि त्या दारात थांबलेली आपोआप, अदबीनं दार उघडणारी. आक्का तिच्यात बसणार, ती सेकंड टाकताना मान उडवणार नाही, कुणी बोलणार नाही, आणि दवाखाना येणार. झालं. सगळं सुरळीत.

सकाळी ते माळतळ्यात होते.

आक्का पायरीवर बसली होती, पिशवी मांडीवर. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आण्णांनी पलीकडं जाऊन दार उघडलं आणि विचारायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"काय सांगू आक्का, ठार ढ हायत या गाड्या! परांजपेबाई रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, आण्णा, अजून महिना तरी लागंल, तुमच्याबिगर व्हायचं न्हाई. मी म्हणलं, बाई, माझी कामं हायत. तर हात जोडले. काल फाट्यावर मी स्वतः बघितलं, बारा-चौदा आपोआप ओळीनं उभ्या, एक पुढं सरंना. एकीला मी म्हणलं, जा की, बहीण हाय माझी, खाती का काय? तर चक्क मागं सरकली. एकीच्या काचेवरनं पाणी गळत होतं. शपथ! रडत होती ती गाडी—"

आक्कानं बॉनेट उघडलं. काठी टाकीत बुडवली, बाहेर काढली, उन्हात धरून बघितली आणि या खेपेला ती जागेवर न ठेवता तशीच भावाकडं रोखली.

"खोटं," ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. शेजारची बाई भिंतीवरनं वर आली. "खोटं बोलतोस, भूपा! गाड्या कवाच्या शिकल्यात. परवा आली, काल आली, आत्ता तू यायच्या आधी दोन आल्या. दार उघडून उभ्या राहिल्या. मीच हाकलून दिल्या!"